भिंतीला मोबाईल लावणारा गौतम

नातीचं नाव ठेवलं त्या दिशी वाटूरला, लेकीच्या सासरी, मांडवात व्हतो ते असे: मी, माही लेक संगीता, जावई सुनील, इहीणबाई कौसाबाई, अन् मला अन् पाळण्याला टेम्पोत घालून आणणारा आमचा शेजारी गौतम. बाकी गावचे लोक. अन् नात. ती वाटूरला आल्यापासून रडूनच राह्यलती.

गौतम जालन्याच्या एमआयडीसीत, सळई काढायच्या मिलमधी फिटर व्हता. त्याची अन् माही खोली मिलच्या भिंतीला लागून. सुट्टीच्या दिशी हा त्या भिंतीला मोबाईल टेकून उभा राहायचा, डॉक्टर छातीला नळी लावतो तसा. भट्टीचं घुमणं, पत्र्याची थरथर, सगळं भरून घ्यायचा. मंग कॉम्प्युटरवर ताणून ताणून लांब करायचा अन् स्पीकरवर लावून बसायचा. ढोलकी न्हाई, बोल न्हाई.

मी इचारायची, "गौतम, गाणं कव्हा सुरू व्हनार रे?"

"सुरूच हाये, मावशी."

"मंग संपंल कव्हा?"

"तुम्हाला कुठं जायचंय?"

"अरे, दिवसभर मिलमधी तेच, घरी येऊन पुन्हा तेच?"

"तिथं ते मालकाचं असतंय. इथं माहं."

माहे मालक, संगीताचे वडील, वारले तव्हा मी बियाण्याच्या कारखान्यात चाळणीच्या मशीनवर लागले. चाळणी इतकी घुमायची का बाजूच्या बाईचं बोलणं कळायचं न्हाई. काय रडायचं ते मी त्या आवाजात रडून घेतलं. कुणाला ऐकू गेलं न्हाई, कुणी इचारलं न्हाई. घरी आले का चूल पेटवायची. मंग किती वर्षांनी एकदा गौतमच्या दारात मेथी निवडायला बसले, आत त्याचं ते घुमणं चालू व्हतं, अन् उठूच वाटंना. गाणं म्हणतं हस, गाणं म्हणतं नाच. हे काहीच म्हणत न्हाई. नुसतं बाजूला बसतं.

"मावशी, तुम्हाला बराबर कळलं," गौतम म्हणला.

"कळलं-बिळलं न्हाई. मेथी निवडून झाली."

संगीताचं बाळंतपण माह्याकडंच झालं. सव्वा महिना मायलेकी त्याच भिंतीपाशी निजल्या. मंग वाटूरला नेल्या अन् लेकरू झोपंना, दूध धरंना. मीठ-मिरच्या उतरल्या. डॉक्टर म्हणला, तब्येत ठीक हाये. संगीताचे डोळे खोल गेल्ते. मांडवात माहा पदर धरून म्हणली, "आई, मला परत ने." कौसाबाईनं ऐकलं. "न्या की. आमचं घर पटंना जनू महाराणीला." नावाच्या दिशी लेक माघारी न्यायची म्हंजी सोयरीक तुटायचीच गोष्ट.

गौतम मान तिरपी करून ऐकून राह्यलता. म्हणला, "मावशी, इथं किती शांत हाये."

"शांत? पोरगी बोंबलून राह्यली अन् तुला शांत वाटतंय?"

"तिला सोडून म्हणलो."

मंग टेम्पोतून स्पीकर आणला, पाळण्याखाली ठेवला अन् मिल सुरू केली.

"हे काय, गिरणी लावली का पाळण्याखाली?" कौसाबाई म्हणल्या. पण पोरीचं रडणं अडखळलं. मूठ उघडली. डोळे जड झाले अन् झोपली. पाळणा म्हणायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून बसल्या. प्रेरणा हे नाव आम्ही कुजबुजतच ठेवलं.

"पोरगी आत्ताच कामाला लागली म्हणायची मिलमधी," कौसाबाई म्हणल्या, अन् थोड्या वेळानं खांबाला टेकून त्याबी घोरायला लागल्या. संगीता पोटभर जेवली. माघारी यायचं नाव काढलं न्हाई.

पुढं गौतम पुण्याकडं कामाला गेला. "तिकडं मशीनी लई हायेत, मावशी," म्हणत आवाज भरलेल्या कार्डासकट स्पीकर माह्यापाशी ठेवून गेला. आता त्याचा नंबर लागत न्हाई. मिलबी बंद पडली. भिंतीला कान लावला तर चिमण्या ऐकू येतात. चालू हाये ती स्पीकरमधलीच. प्रेरणा साळंत जाती, सुट्टीला आली का म्हणती, "आजी, गौतममामाचं लाव." मंग दुपारच्या आम्ही दोघी आडव्या व्हतो.

तुम्हाला कुठं भिंतीला मोबाईल लावून उभा राह्यलेला माणूस दिसला तर त्याला येडा म्हणू नका. नाव इचारा. गौतम निघाला तर सांगा, मावशीनं चहाला बोलावलंय.