कान की आभाळ

बाबांना कमी ऐकू येतं हे घरात बाबा सोडून सगळ्यांना माहीत होतं. बाबांचं म्हणणं, कान ठणठणीत आहेत, गडबड वर आभाळात आहे. आणि हे शास्त्र त्यांना मीच शिकवलं होतं, त्यामुळे आई दोघांवरही सारखीच चिडायची.

मी वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करते. विमानं उडतात त्याच्याही कितीतरी वर, जिथे हवा असून नसल्यासारखी असते, तिथे. पचमढीच्या डोंगरांकडे मोठं वादळ झालं की हवेचा एक लोट जोरात वर ढकलला जातो. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं, तो जरा जास्तच खाली जातो, पुन्हा वर येतो. या हेलकाव्यातून लाटा उठतात आणि वर चढू लागतात. वर हवा विरळ, त्यामुळे लाट चढता चढता वाढत जाते आणि कुठेतरी फुटते. तिचे हिसके पार त्या थरापर्यंत बसतात, ज्याच्यावरून परतून रेडिओचा आवाज लांबच्या गावी पोचतो. तो थर डुलला की आवाज हळूहळू बुडतो आणि काही मिनिटांनी पुन्हा वर येतो.

हे मी सुट्टीवर आले असताना चहा पिता पिता सांगितलं. बाबांचे डोळे चमकले, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

बाबा हौशी रेडिओवाले, घरच्या रेडिओवरून लांबच्या लोकांशी बोलणारे. रिटायर झाल्यावर कारखान्याचं पिपलानीचं क्वार्टर सोडून आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला शाहपुऱ्यात आलो, तेव्हा भांड्यांच्या आधी गच्चीवर त्यांची रेडिओची तार लागली. शेजारच्या आंटींनी पहिल्याच आठवड्यात तिच्यावर चादरी वाळत घातल्या आणि वर कौतुकही केलं, "भाईसाहब, रस्सी बड़ी मज़बूत बाँधी है आपने!" रोज संध्याकाळी या तारेवरून बाबा पुण्याच्या काकांशी बोलत. काका म्हणजे कारखान्यात एकाच शेडमध्ये बाबांसोबत उभं आयुष्य काढलेले मित्र. निवृत्त होऊन ते गावी परतले, बाबा इथेच राहिले. आई म्हणायची, "सरकारचा परवाना काढून हे दोघं एकमेकांना विचारतात काय, तर आवाज कसा येतोय!"

माझ्या त्या चहानंतर बाबांना कशाचंच उत्तर द्यावं लागेना. आईने चार हाका मारल्या, लाट होती. दुधवाला बेल वाजवून निघून गेला, लाट होती. "अहो, स्वयंपाकघर ते हॉल यात कुठली आली लाट?" असं आईने विचारलं, तर तेही त्यांना ऐकू आलं नाही.

मग एके दिवशी काकांचा आईला मोबाइलवर फोन आला. "वहिनी, काल मी याला सांगितलं की बायको बाथरूममध्ये पडली, पाय मोडला. तर हा म्हणतो, वा, उत्तम! ठीक आहे ना तो?"

आईने ते बाबांना लिहून दाखवलं. त्या संध्याकाळी त्यांनी रेडिओ लावलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कानाला ऐकायचं मशीन लावा म्हटलं तर म्हणाले, "मशीन लावलं म्हणजे कान गेले असं कायमचं ठरलं. मग रोज आवाज बुडाला की दोष कानाचा की आभाळाचा, हे कसं कळायचं मला?" या शहरात जुनं बोलायला त्यांच्याकडे तो एकच आवाज होता. मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून कान सुधारत नाहीत, म्हणून मी पैज लावली.

सप्टेंबर होता, दूर दक्षिणेला दुपारभर गडगडत होतं. बाबा आणि मी स्पीकरसमोर बसलो, दोघांचेही डोळे मिटलेले. आवाज चांगला असला की हात वर, बुडाला की खाली. दोघांचे हात सारखे हलले तर दोष आभाळाचा, नाहीतर बाबांनी मशीन लावायचं. पंच म्हणून आई, मांडीवर गवारीचं ताट. काकांना नुसतं बोलत राहायला सांगितलं होतं. त्यांनी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा विषय काढला आणि पायाचा कटाक्षाने टाळला.

आवाज खरोखरच बुडू लागला. "दोघांचे हात सोबतच खाली!" आई नाराजीने म्हणाली. बाबांनी डोळे न उघडता मिशीत हसून घेतलं. माझ्या लाटेचा मलाच राग आला.

थोड्या वेळाने काकांचा आवाज परत आला. पहिल्याइतका नाही, पण टाकीला कोणता रंग द्यायचा यावरून कोण भांडलं ते कळण्याइतका. मी हात वर केला. गवार मोडल्याचा आवाज थांबला म्हणून मी डोळे उघडले. बाबांचा हात मांडीवरच होता. ते डोळे मिटून, लाट जाण्याची वाट बघत शांत बसले होते.

मग त्यांनी डोळे उघडले, माझा वर गेलेला हात पाहिला आणि म्हणाले, "असं होय."

दोन्ही कानांना मशीन बसलं त्या दिवशी आधी आईच्या कुकरवर टीका झाली, मग पंख्यावर. संध्याकाळी रेडिओ लागला. काकांचा आवाज आला आणि थोड्याच वेळात बुडायला लागला. बाबांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"माझं की आभाळाचं?"

मला तेव्हा त्यांना मिठी मारावीशी वाटली. "आभाळाचं, बाबा. मलाही नाही ऐकू येत."

"मग येईल परत," म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. लाट गेली. स्पीकरमधून काका विचारत होते, "आवाज कसा येतोय?"

"येतोय," बाबा म्हणाले. "आधी सांग, वहिनींचा पाय कसा आहे?"