विमानवाल्यांना घातलेली शाल

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट आहे. वरच्या खणात टाकीच्या खोलीच्या चाव्या, मधल्या खणात गणपतीच्या माळा आणि खालच्या खणात शाली. शाली मी जमवलेल्या. कुणाच्या साठीला आलेल्या, कुणाच्या निवृत्तीला आलेल्या, घरात जागा नाही म्हणून माझ्याकडे दिलेल्या. मुंबईत शाल पांघरण्याइतकी थंडी पडते कुठे? इथली शाल नुसती या खांद्यावरून त्या खांद्यावर फिरते. ती फिरवण्याचं खातं अनेक वर्षं माझ्याकडे आहे. गटार दुरुस्त करणाऱ्या इंजिनिअरला मी शाल घातली आहे, लिफ्टवाल्या कंपनीच्या साहेबाला घातली आहे. एकदा तर पाण्याची तक्रार घेऊन आम्हीच ज्याच्यावर चालून गेलो होतो, त्या अधिकाऱ्यालाही घातली. बायको म्हणते, "तुमच्यासमोर चोर आला तरी तुम्ही आधी नारळ शोधाल."

चोराचं माहीत नाही. पण विमानवाले आले तेव्हा मी नारळ शोधला, हे खरं आहे.

विमानवाले हा मावशीचा शब्द. माझी मावशी आमच्याच सोसायटीत, समोरच्या विंगमध्ये राहते. तिचा एकुलता एक मुलगा, माझा मावसभाऊ, आधी इथे अंधेरीला विमानतळावर मालाच्या गाड्या चालवायचा. नंतर कंत्राटावर परदेशी गेला, तिथल्या एका विमानतळावर इंधनाचा टँकर चालवायला. त्या धावपट्टीवर तिसऱ्याच एका देशाच्या लष्कराची विमानं उतरायची. त्यातलं एक उड्डाण करताना धावपट्टी सोडून वाकडं गेलं आणि टँकरवर आदळलं. विमानातली काही माणसं गेली, टँकरमधला आमचा भाऊ गेला. वैमानिक वाचला.

मावशीनं दोन्ही देशांची नावं कधी तोंडात घेतली नाहीत. ज्यांची जमीन ते जमीनवाले, ज्यांचं विमान ते विमानवाले. पेपरात या प्रकरणावर जे लांबलचक यायचं, ते तिनं असं दोन शब्दांत बसवून टाकलं होतं.

मृतदेह आला, दिवस झाले, आणि त्यानंतर विमानवाल्यांचं पहिलं निवेदन आलं. त्यात म्हटलं होतं की टँकर जिथे उभा असायला हवा होता तिथे तो नसण्याची शक्यता तपासली जात आहे. मावशीची बाजू मांडायला आम्ही एक वकिलीणबाई नेमल्या होत्या, त्यांनी ते मराठीत समजावून सांगितलं. मावशी म्हणाली, "म्हणजे पोरगा माझा गेला आणि चूकही त्याचीच?"

तिला एवढंच हवं होतं. वैमानिकाला फाशी नको, तुरुंग नको. माझा मुलगा लाल रेषेच्या मागे उभा होता, हे कुणीतरी मोठ्या माणसानं सगळ्यांसमोर म्हणावं. गाड्यांनी थांबायला तिथे आखलेली ती लाल रेषा तिला पाठ होती. तो फोनवर तिला दाखवायचा, "हे बघ आई, ह्याच्या पुढे मी चाक नेत नाही."

वैमानिकावर खटला कुठे चालवायचा यावरही दोन देशांत वाद होता. त्यांच्यात जुना करार होता की विमानवाल्यांच्या सैनिकाला त्यांच्याच देशात न्यायचं. तो मी मावशीला समजावत बसलो, तर ती म्हणाली, "शेजाऱ्याच्या पोरानं आपल्या घरात येऊन काच फोडायची, आणि शेजाऱ्यानं म्हणायचं, मी याला माझ्या घरी नेऊन ओरडतो. ओरडला की लाडू दिला, कोण बघणार?"

मी हसलो. वकिलीणबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, सगळं प्रकरण हेच आहे."

अशात एक दिवस विमानवाल्यांच्या इथल्या वकिलातीतून फोन आला. एक अधिकारी कुटुंबाला भेटायला येऊ इच्छितात. घरात बरं इंग्रजी बोलणारा म्हणून फोन माझ्याकडे. आता सांगायला जीभ रेटत नाही, पण माझी छाती फुगली. परदेशी वकिलात आमच्या सोसायटीत! मी वॉचमनला नवा शर्ट घालायला सांगितलं. पार्किंगमधली एक गाडी हलवली. वकिलीणबाईंना कळवायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, मला वाटलं, भेटीला येतायत, कोर्टात थोडेच येतायत. आणि मग पाय आपोआप लोखंडी कपाटाकडे वळले.

मावशीच्या घरात त्या वर्षी गुढी उभारलेली नव्हती. दारात रांगोळी नव्हती, कुणाचा वाढदिवसही केला नव्हता. भेटायला येणारी माणसं जाताना 'येतो' म्हणत नसत, नुसती उठून जात. हे सगळं मला माहीत होतं. मीच इतरांना ते बजावत होतो. आणि मीच त्या घरात मोतिया रंगाची शाल, नारळ आणि गुलाबांचा गुच्छ घेऊन शिरलो.

"हे काय?" मावशी.

"अगं, ते मोठ्या पदावरचे आहेत. रिकाम्या हातानं बरं दिसत नाही."

"रिकाम्या हातानं ते येणार. मी कशाला हात भरू?"

"मावशी, तू फक्त उभी राहा. बाकी मी बघतो."

अधिकारी उंच होता. न सांगता त्यानं दारात बूट काढले, त्यामुळे मी आणखीच पाघळलो. मावसभावाच्या फोटोसमोर तो मान खाली घालून उभा राहिला. मग खिशातून कागद काढून वाचू लागला. त्यात होतं की आमच्या सरकारला या घटनेबद्दल तीव्र खेद वाटतो, चौकशी चालू आहे, जबाबदारी कुणाची याबद्दल आज काहीही बोलता येणार नाही.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतात?"

मी म्हणालो, "मावशी, ते माफी मागतायत."

का म्हणालो? मावशीचा चेहरा बघवेना, हे एक. ते मी सगळ्यांना सांगतो. दुसरं कारण सांगत नाही. माझ्या एका हातात शाल होती, दुसऱ्यात नारळ. नुसता खेद म्हटलं असतं, तर त्या दोन्हींचं काय करायचं होतं?

मावशीनं डोळे पुसले. मग मी तिच्या हातात शाल दिली, त्या उंच माणसानं गुडघे वाकवून खांदे खाली आणले आणि तिनं ती घातली. त्याच्याबरोबर आलेल्या मुलीनं फोटो काढला. "प्लीज, स्माइल," असं कुणीतरी म्हणालं. ते मीच म्हणालो, असं बायको सांगते.

फोटो त्यांच्या वकिलातीच्या पानावर झळकला. खाली लिहिलं होतं, मृताच्या कुटुंबीयांसोबत स्नेहपूर्ण भेट. तो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. जोडलेल्या हातांच्या चिन्हांचा पाऊस पडला. मग वकिलीणबाईंचा फोन आला.

"काका, हे काय केलंत?"

"सत्कार केला."

"कुणाचा?"



सुनावणी जमीनवाल्यांच्या कोर्टात होती. टँकर कुठे होता आणि विमान वाकडं का गेलं एवढंच ते कोर्ट तपासणार होतं. मावशीची साक्ष घाटकोपरला, वकिलीणबाईंच्या ऑफिसात बसून पडद्यावरून व्हायची होती. तिकडून दुभाषा जोडलेला होता, पण तो हिंदीचा. मावशीला हिंदी भाजीबाजारापुरतं छान येतं. ती म्हणाली, "मुलाबद्दल मी मराठीतच बोलणार." पडद्यावर थोडी कुजबुज झाली. शेवटी न्यायाधीशबाई म्हणाल्या, नातेवाइकानं इंग्रजीत भाषांतर करावं. वकिलीणबाईंना दोन्ही भाषा येतात, चुकलं तर त्या हरकत घेतील. आणि मला शपथ दिली गेली, की मी शब्दाला शब्द सांगेन, पदरचं काही घालणार नाही.

मावशीनं आधी लाल रेषेबद्दल सांगितलं. "तो इथेसुद्धा सिग्नलला पांढऱ्या पट्ट्यावर चाक नेत नसे. मागचे हॉर्न मारायचे, शिव्या द्यायचे. स्कूटरवर मी मागे बसलेली असायचे, मीच म्हणायचे, अरे घे ना पुढे थोडी! तर म्हणायचा, पट्टा कशाला आखलाय मग?" हे मी नीट सांगितलं. आवाज थोडा चढवूनच सांगितला.

मग विमानवाल्यांच्या वकिलानं पडद्यावर तो फोटो लावला.

"यात तुम्ही काय करता आहात?"

"शाल घालतेय."

"तुमच्याकडे याचा अर्थ सन्मान असा होतो ना?"

"होतो."

"म्हणजे आमच्याविषयी तुमची तक्रार उरलेली नाही."

मी मराठीत सांगितलं. मावशी शांतपणे म्हणाली, "त्यांनी माफी मागितली, म्हणून घातली. चूक कबूल करायला जो घरी आला, त्याचा काय अपमान करायचा?"

मी ते इंग्रजीत म्हणालो. वकील लगेच म्हणाला, "आमच्या बाजूनं कधीही माफी मागितलेली नाही. वाचलेला मजकूर आमच्याकडे आहे. त्यात फक्त खेद आहे."

आता हे मावशीला मराठीत कोण सांगणार? मीच. मी सांगितलं.

मावशी माझ्याकडे वळली. "मग तू मला काय सांगितलंस?"



न्यायाधीशबाईंनी विचारलं, "साक्षीदार काय म्हणाल्या?"

मी म्हणालो, "त्या... त्या थोडा खुलासा विचारतायत."

वकिलीणबाई पुढे झुकल्या. "काका. त्या म्हणाल्या ते सांगा."

मग मी परक्या देशाच्या कोर्टाला इंग्रजीत सांगितलं, "त्या मला विचारतायत, की मी त्यांना काय सांगितलं होतं." आणि विचारण्याआधीच पुढचंही सांगून टाकलं, की मी माफी सांगितली होती, तो शब्द माझ्या पदरचा होता. मग तेच मावशीसाठी मराठीत. एकच लाज दोन भाषांत सांगण्याचा प्रसंग फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

मावशी पडद्याकडे पाहून म्हणाली, "हा माझ्या बहिणीचा मुलगा. मूर्ख आहे. पाइप बदलला तरी कुणाला तरी शाल घातल्याशिवाय याला चैन पडत नाही. पण टँकर मागेच होता. ते याच्याकडून शिकून मी सांगत नाहीये."

मी म्हणालो, "साक्षीदारांचा भाचा जरा उत्साही आहे..."

"काका," वकिलीणबाई म्हणाल्या.

"मूर्ख आहे," मी म्हणालो. पडद्यावर न्यायाधीशबाई काहीतरी लिहून घेत होत्या. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

बाहेर आल्यावर वकिलीणबाई म्हणाल्या, "बरं झालं हो, काका. तुमची चूक नोंदीत आली, आता त्या फोटोत दम राहिला नाही." मी हसण्याचा प्रयत्न केला. मावशी घरी जाईपर्यंत रिक्षात माझ्याशी बोलली नाही. मुलुंडला उतरताना माझ्या हाताचा आधार मात्र घेतला. गुडघे दुखतात तिचे.

निकाल यायला पुढे बराच काळ गेला. वैमानिक करारानुसार त्याच्या देशात परत गेला. तिथे त्याला ओरडले की लाडू दिला, आम्हाला अजून कळलेलं नाही. पण न्यायाधीशबाईंनी वाचून दाखवलं, की टँकर रेषेच्या मागे, आपल्या नेमलेल्या जागी उभा होता आणि चालकाची कोणतीही चूक नव्हती. मावशीनं वकिलीणबाईंकडून ते पुन्हा मराठीत म्हणवून घेतलं. माझ्याकडून नाही.

त्यानंतर एका दुपारी वकिलीणबाई घरी आल्या होत्या. मावशी मला म्हणाली, "कपाटात शाल आहे का रे एखादी?" मी खाली गेलो, कुलूप उघडलं आणि कितीतरी वेळ खालच्या खणासमोर बसून राहिलो. शेवटी एक निळी आणली. मावशीनं स्वतः ती वकिलीणबाईंना घातली. मी दाराशी उभा होतो. खिशातल्या मोबाइलला मी हात लावला नाही, आणि कुणी तो मागितलाही नाही.

जुना फोटो अजून वकिलातीच्या पानावर आहे. काढा म्हणून मी दोनदा कळवलं, उत्तर आलं नाही. परवा पुन्हा पाहिला. अधिकारी कॅमेऱ्याकडे बघतोय. मी तर दात काढून हसतोय. मावशीचा हात शालीवर आहे, पण ती त्याच्याकडे बघतच नाहीये. ती माझ्याकडे बघतेय. मी सांगितलं ते खरंच आहे ना, असं विचारल्यासारखी.