आम्ही साइड स्टँडवाले

ऑफिसातले किस्से कसे साठतात याबद्दल माझं एक मत आहे. काम जितकं किरकोळ वाटणारं, तितके किस्से जास्त. आम्ही स्टुटगार्टजवळच्या एका छोट्या कंपनीत मोटरसायकलचे साइड स्टँड डिझाइन करायचो. ऐकणारा प्रत्येक जण एकदा तरी म्हणायचाच, "एवढंच?" मग त्याला समजावताना एकेक गोष्ट निघायची.

बॉस होते हेर केसलर. मग नागपूरची प्राजक्ता, आणि मी. बाकी दोन-चार जण होते, पण जे घडायचं ते आम्हा तिघांच्या आसपासच.

* * *

नवीन माणूस आला की केसलर त्याला पहिल्याच दिवशी टेस्ट हॉलमध्ये न्यायचे. प्राजक्ताच्या हातात त्यांनी एक जडशीळ टूरिंग बाइक दिली. स्टँड मिटलेला.

"नुसती धरून उभी राहा."

थोड्या वेळात तिचे दंड थरथरायला लागले. मग ते म्हणाले, "आता स्टँड उघड आणि हळू डावीकडे टेकव."

गाडी कलली, टेकली आणि थांबली. प्राजक्ताचे हात मात्र हँडलवर तसेच.

"वजन गेलं कुठे?" तिने विचारलं.

केसलरनी खाली बोट दाखवलं. दोन टायर आणि अंगठ्याएवढी जाड एक सळई. "सरळ उभी ठेवली असती, तर डावीकडून कुणाचा जरा धक्का लागला की उजवीकडे आडवी झाली असती. म्हणून आपण तिला आधीच एका बाजूला पाडायचं." मग म्हणाले, "आल्झो, म्हणजे थोडक्यात, ती पडतेच आहे. फक्त पोचत नाही."

तेव्हापासून रस्त्यात उभी केलेली मोटरसायकल दिसली की प्राजक्ता चालता चालता थबकते. आता मीही थबकतो.

* * *

माझे सासरे, नाना, साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आले. जावई जर्मनीत गाड्या बनवतात असं त्यांनी गावभर सांगितलेलं. मी त्यांना खरं काय ते सांगितलं.

नाना जवळ सरकले. मग हळूच, "सगळा स्टँड तुमच्याकडे, की त्यातलं काही?"

"मुख्यतः स्प्रिंग, नाना."

त्यांनी विषय बदलला.

पण कंपनीत घरच्यांना आणायचा दिवस होता, तेव्हा मी त्यांना माझं मशीन दाखवलं. ते स्टँड उघडतं, मिटतं, उघडतं, मिटतं, सतत. मी सांगितलं की ही एकच स्प्रिंग. अर्ध्याच्या अलीकडे असली की स्टँड मिटलेला धरते, पलीकडे गेली की उघडा धरते.

नाना वाकून बघत होते. "ही दमत नाही का हो?"

"दमते ना. कधी दमते, तेच बघायला हे मशीन."

नाना तिथून हलेचनात. बाकीचे केक खाऊन आले, तरी ते तिथेच. रात्री साताऱ्याला भावाशी फोनवर बोलताना मी ऐकलं, "नाही रे, गाड्या नाही. आपले जावई दमण्याचा अभ्यास करतात."

आवाजात अभिमान होता, एवढं नक्की.

* * *

एकदा प्राजक्ता एस-बानच्या, म्हणजे तिथल्या लोकलच्या, स्टेशनबाहेर उभी होती. समोरून एक म्हातारे गृहस्थ जुन्या मोपेडवर निघाले. स्टँड खालीच. नव्या गाड्यांना स्विच असतो, स्टँड उघडा ठेवून गिअर टाकला की इंजिन बंद पडतं. या मोपेडला कुठला स्विच! आणि पुढे डावं वळण. गाडी डावीकडे झुकणार, स्टँड रस्त्याला टेकणार, आणि माणूस उडणार.

प्राजक्ता नागपुरात ओरडायची तशीच ओरडली, "ओ काका, स्टँड वर घ्या!"

म्हातारबांनी ब्रेक मारला. खाली बघितलं. टाचेने स्टँड वर ढकलला, तिच्याकडे बघून हात केला आणि वळून गेले.

आपण मराठीत ओरडलो हे तिला ट्रेनमध्ये बसल्यावर लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी केसलरना विचारलं, त्या काकांना कळलं कसं असेल?

केसलर म्हणाले, "इतक्या काळजीने कुणी ओरडलं, तर मीही आधी खालीच बघेन."

* * *

शेवटचा किस्सा फ्राऊ व्होल्फ यांचा. केसलरांच्या शेजारीण, शाळेत भूगोल शिकवायच्या. अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. तरी कृत्रिम पाय लावून त्या पुन्हा मोटरसायकल चालवायला शिकल्या. गिअर हाताने बदलायची सोय करून घेतली. अडलं ते थांबण्यापाशी. स्टँड डाव्या बाजूला. तो पाय जमिनीवर टेकायला चालायचा, पण स्टँड पूर्ण उघडला की अर्धाच, हे त्या पायाला कळायचं नाही. दोनदा गाडी अंगावर आली होती. त्यामुळे त्या जिथे जातील तिथे नवरा मागून कार घेऊन. त्या थांबल्या की हा धावत येऊन गाडी धरणार.

"तो कधी कुरकुर करत नाही," त्या आम्हाला म्हणाल्या. "पण मला एकटीला जायचंय."

"स्टँड उजवीकडे घेऊ," प्राजक्ता म्हणाली.

केसलर म्हणाले, तिथे सायलेन्सर आहे, जागाच नाही. प्राजक्ता म्हणाली, हो, पण बघू तर. मग कामानंतर आम्ही तिघं थांबायला लागलो. ब्रॅकेट नव्याने केलं, स्टँड आरशातल्यासारखा उलटा बनवला, माझी स्प्रिंगही उलट बाजूने बसवली. अधिकृत तपासणीत एकदा परत पाठवले गेलो, दुसऱ्यांदा पास झालो. गाडी पहिल्यांदा उजवीकडे कलून उभी राहिली, तेव्हा आम्हालाच बघवेना. आयुष्यभर सगळ्या गाड्या डावीकडे कललेल्या बघितलेल्या.

शनिवारी सकाळी फ्राऊ व्होल्फ आल्या. कंपनीच्या अंगणात दोन चकरा मारल्या. थांबल्या. डावा पाय जमिनीवर टेकला, उजव्या पायाने स्टँड ढकलला. खट्ट झालं. नवरा सवयीने धावलाच. त्यांनी मान हलवली, तसा तो दोन हात अंतरावर थांबला. गाडी हळूहळू उजवीकडे आली आणि टेकली.

त्यांनी हँडलवरचा एक हात काढला. मग दुसरा. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या नुसत्या बसून राहिल्या.

मग त्यांनी आमच्याकडे बघितलं. नवरा, केसलर, प्राजक्ता, मी, चौघेही गाडीभोवती हात पुढे करून उभे होतो.

"आता हात खाली घेतलेत तरी चालेल," त्या म्हणाल्या.

कुणीच घेतले नाहीत.