स्पायनोसॉरसची शेपटी

बेटमा रोडवर माझं फायबरच्या पुतळ्यांचं वर्कशॉप आहे. सिमरोलजवळच्या एका नव्या बागेनं स्पायनोसॉरस मागितला, तेव्हा मोबाईलवर चित्रं पाहून मी तो दोन पायांवर ताठ उभा केला. पाठीवर उंच शीड, जबडा वासलेला, शेपटी चाबकासारखी बारीक.

त्याच सुमारास प्राणिशास्त्राच्या एक निवृत्त मॅडम मगरीचा तुटका नमुना दुरुस्तीला घेऊन आल्या. माझ्या डायनासोरपाशी थबकल्या.

"भिया, हा खातो काय?"

"जो दिसेल त्याला. राक्षसच आहे ना, मॅडम!"

त्या स्टूल ओढून बसल्या आणि तासभर बोलल्या. हा नदीकाठचा प्राणी. दात निमुळते, गोलसर. निसटता मासा धरून ठेवायला. हाडं भरीव, शेपटी रुंद, वल्ह्यासारखी. "तो खोल पाण्यात पोहून शिकार करायचा की काठाशी उभा राहून, यावर अजून वाद चालू आहे. पण मासे खायचा, हे पक्कं."

खरं सांगतो, मला राग आला होता. पंधरा दिवसांची मेहनत होती. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सिरपूर तलावावर बोलावलं, तर गेलो. उथळ पाण्यात एक राखी बगळा उभा होता. बराच वेळ हलला नाही. मग एकदम मान सुटली आणि चोचीत मासा.

"आता याच्या जागी बसएवढा प्राणी बघा," मॅडम म्हणाल्या. "मासेही तसेच, माणसाहून मोठे. जमिनीवर शिकार करणारे दुसरे होतेच. हा नदीवर जगला, म्हणून एकाच मुलखात सगळ्यांचं भागलं. याच्या उष्ट्यावरही किती जीव पोसले असतील!"

"म्हणजे बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात?"

"ते माशांना विचारा."

मी परत आलो आणि ग्राइंडरनं शेपटी कापली. नवी रुंद घडवली, धड पुढे झुकवलं, जबडा पाण्याकडे वळवला. बागेचे मालक बघून वैतागले. "ये तो मच्छी पकड़ रहा है! लोग डरेंगे कैसे?" मी मॅडमना फोन लावून दिला. त्या काय बोलल्या माहीत नाही, पण आठवड्याभरात बागेत उथळ हौद तयार झाला.

बाग उघडली त्या दिवशी कुणी घाबरलं नाही. लोक हौदाशी उभेच राहिले. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "रुक जाओ ना, अब पकड़ेगा." माझे डोळे भरून आले. शेजारी मॅडम होत्या. मी त्यांचे आभार मानायला लागलो, तर त्यांनी मध्येच थांबवलं.

"डाव्या पंजाची नखं चुकलीत."

पुढच्या सोमवारी पँट दुमडून मी हौदात उतरलो आणि नखं नीट केली. ऊन कडक होतं. मॅडम काठावर छत्री धरून काम संपेपर्यंत उभ्या होत्या. माझ्या कामाला इतका जीव याआधी कुणी लावला नव्हता.