बदलीचा रकाना

रंगाच्या कारखान्यात सुरक्षा-साहित्याची कोठी ज्यांच्या ताब्यात होती, त्या गृहस्थांना सगळे कोठीवाले म्हणत. हिशेबी नेटकेपणात त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. रविवारी दुपारी हाच नेटकेपणा वेगळ्या कामी येई. त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती चार-पाच प्रौढ माणसे कागद, पेन्सिली आणि फासे घेऊन बसत व एका काल्पनिक अंतराळनौकेवर प्रवास करीत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, त्याच्या वतीने बोलायचे. संकट कोसळले की फासे टाकायचे. कोठीवाले या खेळाचे सूत्रधार, आणि नौकेवरील चिलखती दलाची रचना हा त्यांचा खास अभिमान.

ती त्यांनी सात महिने खपून केली होती. छत्तीस सैनिक, तीन तुकड्या : एक नौकेच्या दाराशी, दुसरी इंजिनापाशी, तिसरी राखीव. चिलखत चढवायला चार मिनिटे लागतात, म्हणून चिलखतांची खोली झोपण्याच्या जागेला लागून. जड पोशाखात शिडी चढवत नाही, म्हणून वाटेत कोठेही शिडी नाही.

"दाजी, लग्नाआधी एवढा विचार केला असतात, तर आमची ताई सुटली असती," खेळायला बसणारा त्यांचा मेहुणा म्हणे.

त्या रविवारी एक नवा खेळाडू आला. रंगाच्या रिकाम्या टाक्यांत उतरून त्या धुणारा बदली कामगार, तात्या. चहाच्या सुट्टीत त्याने कुतूहलाने चौकशी केली होती आणि कोठीवाल्यांनी मोठ्या मनाने त्याला बोलावले होते. फासे उचलताना त्याच्या बाहीखालून मनगटावरचे डाग दिसत; टाकीतल्या द्रावणाने भाजल्याचे.

त्याला राखीव तुकडीतला सैनिक मिळाला. शत्रूची नौका येऊन भिडली, भोंगा वाजला.

"चिलखत चढवतो," तात्या म्हणाला.

कोठीवाल्यांनी चिलखतांच्या वाटपाचा तक्ता पाहिला. "तुझं दुसऱ्याच्या अंगावर आहे. तुमच्या तुकडीत दोघांत एक."

"आणि ही कपाटातली सहा?"

"ती मानवंदनेची. सेनापती पाहणीला आले की काढायची."

तात्याने तक्ता पुढे ओढला. "कायम, बदली, पाहुणे," त्याने रकाने वाचले आणि तो खो खो हसला. "कोठीवाले, हा तर कारखान्यातल्या तुमच्या खिडकीमागचाच तक्ता की! म्हणजे आभाळात जाऊनही मी बदलीच."

मेहुण्याचे हसू अर्ध्यावर राहिले. "दाजी, तिकडं खरंच असं आहे?"

"नियमच तसा आहे. वरून आलेला."

"आणि हा?" मेहुण्याने टेबलावरच्या तक्त्यावर बोट ठेवले. "हा पण वरून आलाय?"

कोठीवाल्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. कारखान्यातला तक्ता वरिष्ठांचा, आपण केवळ हुकमाचे ताबेदार, असे ते अकरा वर्षे स्वतःला बजावत आले होते. ही नौका मात्र कोणाच्याही हुकमाने बांधलेली नव्हती. येथे हवी तितकी चिलखते कागदावर काढता आली असती. तरीही बारा माणसांना सहा चिलखते द्यावीत आणि सहा कुलपात ठेवावीत, हे त्यांच्या हाताला न विचारता सुचले होते. माणूस सक्तीने जे करतो, त्यातले किती त्याच्या अंगवळणी पडते, हे सक्ती उठल्यावरच कळते.

त्यांनी खोडरबर घेतले. "झालं. प्रत्येकाला स्वतःचं."

मेहुण्याने टाळ्या वाजवल्या. तात्याने शत्रूला दारातच अडवले. निघताना तो म्हणाला, "मजा आली. माझं चिलखत सांभाळून ठेवा हं." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते शब्द कोठीवाल्यांना अधिक लागले. खोडरबराच्या दोन फटक्यांवर त्यांनी थोरपण मिळवले होते.

सोमवारी सकाळी तात्या कोठीच्या खिडकीशी आला. हातात नेहमीप्रमाणे घरून आणलेली चिकटपट्टी होती. खुंटीवरच्या, बदली कामगारांच्या सामाईक सुरक्षा-पोशाखाचा कोपर फाटला होता. नोंदवहीत तशी नोंद होती, पुढे शेराही होता : 'चालेल'. अक्षर कोठीवाल्यांचे.

तात्याने सवयीने हात पुढे केला. कोठीवाल्यांनी कपाटाचे कुलूप काढले आणि तपासणीसांसाठी जपलेला कोरा पोशाख खिडकीवर ठेवला. दुपारपर्यंत वरिष्ठ जाब विचारणार, हे त्यांना ठाऊक होते. 'कोणाच्या परवानगीने' या रकान्यात त्यांनी स्वतःचे नाव लिहिले.

तात्याने पोशाखाला हात लावला नाही. "आज तपासणीला कोणी येतंय का? उभं कुठं राहायचं, सांगा."

"कोणी नाही येत. टाकीत उतरायचंय ना तुला?"

"हो."

"मग घाल."

तात्याने पोशाख उचलला. आणि चिकटपट्टी, उद्या लागेल म्हणून, खिशात नीट ठेवून दिली.

कोठीवाल्यांनी ते पाहिले. 'उद्या ती लागणार नाही' असे सांगण्याचा अधिकार त्यांना राहिला नव्हता.