बशीरचाचाला मी दिलेली अक्कल

हसा, हसा! मला बघून हसू येऊन राह्यलं ना? येनारच. आमच्या आख्ख्या आष्टी गावाला मी आजवर उल्लू बनवलं. जावयाला लग्नात मिठाची जिलेबी चारली. पर ह्या वक्ताला मी मपल्याच हातानं मपला असा काही पोपट केला, का बोंब पार नॉर्वेपस्तोर गेली!

नॉर्वे कुठं? लई लांब. बर्फाचा देश हाय. मपली पोरगी मंदा तिथं राह्यती. जावई कम्प्युटरवाला, सकाळी जातो, अंधारात येतो. पयल्या साली पोरीला बोलायला कुत्रं भी नव्हतं. मंग तिला तिथं बायांची एक संस्था गावली. तिकडं जाऊन वसलेल्या पाकिस्तानी बायांनीच काढलेली. नवी आलेली बाई घरात कोंडून पडू न्हाई म्हनून. तिला तिथली बोली शिकवायची, एकटीनं बसमंधी बसायला लावायचं, डाक्टरपाशी न्यायचं, तुझा हक काय हाय ते सांगायचं. मंदा गेल्ती शिकायला, अन् तिथंच कामाला लागली. उर्दू जमतीच की आपल्या जालन्याकडच्या मान्साला!

खरं सांगतो, मी आधी बिचकलो. म्हन्लं, "मंदे, पाकिस्तानी बाया?"

"अण्णा," मंदा म्हन्ली, "मपल्या बाळंतपनात डिंकाच्या लाडवावानी ती पंजिरी करून कोन आनली? तुमी?"

म्या आपला इषय बदलला, बर्फ किती पडला ते इचारलं.

तर एक दिवस मंदाचा फोन. "अण्णा, एक काम हाय. तुमच्याशिवाय व्हनार न्हाई."

मी लगेच फुगलो. फुगनार न्हाई तर काय!

संस्थेत एक परवीन म्हनून बाई येती. तिचं पोरगं शाळेत तोंडच उघडत न्हाई. मास्तरनीला वाटतं पोरगं मठ्ठ हाय. परवीनला म्हायती हाय का घरी ते पोपटावानी बोलतं, फक्त तिथल्या बोलीत त्याला लाज वाटती. तिथल्या शाळेत मायबापांची कमिटी असती. परवीनचं नाव कमिटीत घ्यायला समदे तयार, तिला तिथं बसून हेच बोलायचं. पर तिचा सासरा, बशीरचाचा, म्हनतो, "हमारे घर की औरत मीटिंग में नहीं बैठती." नवरा बापाच्या शब्दाभाईर न्हाई. शुक्रवारपस्तोर परवीननं हो म्हन्लं न्हाई, तर तिची जागा दुसऱ्याला.

"तो बायांचं ऐकत न्हाई," मंदा म्हन्ली. "तुमी शेतकरी, तो शेतकरी. त्याला सांगा, आमची आई ग्रामपंचायतीत मेंबर हाय, अन् घर काही पडलं न्हाई."

हां, ते राह्यलंच सांगायचं. आमचा वार्ड लेडीजला सुटला, तवा म्या मंदाच्या मायला, गयाला, उभी केली. निवडून आली. आता तुमाला म्हायतीच हाय आपल्याकडं कसं असतं. नाव बाईचं, मीटिंगला बुवा! खुर्चीवर मी बसायचो. लोकं मलाच मेंबर म्हनायचे. गया भाकरी थापता थापता पीठ पुसून सही करायची.

मंदानं नंबर दिला, म्या चाचाला व्हिडिओवाला फोन लावला. पांढरी दाढी, डोक्याला लोकरीची टोपी. अन् काय सांगू, अर्धा घंटा आमी दोघं निसतं म्हशीवरच बोललो! त्याची पाकिस्तानातली म्हैस दूध चोरायची, मपली भी चोरायची. म्हातारा खुश. मी म्हन्लं, लोखंड गरम हाय.

"चाचा, मेरी औरत मेंबर है."

चाचाचा चेहरा पडला. "वो मर्दों में जाके बैठती है?"

अन् इथं मपल्यातला वांड पोऱ्या उठला! म्हन्लं, ह्याला पटवायचं तर ह्याच्याच गाडीत बसावं. मी डोळा मारला अन् हळूच म्हन्लं, "कायकू बैठती? नाम उसका, खुर्ची मेरी! तुम भी वैसाच करो. नाम लगने दो परवीन का. मीटिंग को तुम जाव."

चाचानं टोपी मागं सरकवली. मंग मांडीवर अशी थाप मारली! "वाह भाईसाहब! ये तो किसी ने बताया ही नहीं!"

झालं. त्याच दिवशी म्हाताऱ्यानं हो म्हन्लं. मंदा रडायला लागली. "अण्णा, काय जादू केली ओ?" मी म्हन्लं, "आपली पद्धत असती." छाती ही एवढी! गल्लीत समद्याला सांगितलं, का परदेशातलं काम मी खाटेवर बसून केलं.

पंधरा दिसानं मंदाचा फोन. आवाज असा, का मी कानापासून लांबच धरला.

"अण्णा! तुमी बशीरचाचाला काय सांगितलं?"

"काऊन? काय झालं?"

काय झालं? कमिटीच्या पयल्या मीटिंगला चाचा कोट घालून, अत्तर लावून शाळेत हजर! परवीनच्या नावाची पाटी टेबलावर, तिच्यामागं जाऊन ऐटीत बसला. मीटिंग चालवनाऱ्या गोऱ्या बाईनं इचारलं, "परवीन?" चाचानं मान हालवली. म्हन्ला, "हां, बराबर. मैं ही परवीन."

हसू नका! मंदाला तिथं बोलवून घेतलं बोली समजून सांगायला. ती गोरी बाई लई नरमाईनं म्हन्ली, आजोबा, इथं ज्याचं नाव त्यानंच बसायचं. चाचा ऐकंना. "इंडिया में सब ऐसा ही करते हैं. इसके बाप से पूछो!" अन् बोट मंदाकडं.

पोरीची मान खाली. तिच्यासंगं आलेल्या संस्थेच्या बाया तिच्याकडं बघून राह्यल्या. बायांना मान्सांत बसा म्हनून शिकवनारी ही, अन् हिचाच बाप असा! चाचाला उठवलं, तर तो असा बिथरला, का घरी जाऊन परवीनला म्हन्ला, आता कमिटी भी बंद अन् संस्था भी बंद. तिचं बोली शिकनं गेलं, बस गेली, समदं गेलं.

"ती रोज येत व्हती अण्णा," मंदा म्हन्ली. "आता फोन भी उचलत न्हाई."

त्या दिवशी मपल्याला भाकर गोड लागली न्हाई, देवाशप्पथ.

म्या चाचाला फोन लावला. तो तर तापलेल्या तव्यावानी! "तुमने मेरी इज्जत निकाली!"

आता मपली खोड काही जाती का? म्हन्लं, एका लबाडीनं बिघडलं, दुसरीनं नीट करू. "चाचा, म्या मजाक केल्ती. मेरी औरत खुद बैठती. सोमवारी मीटिंग है, आँख से देख लो."

बेत असा, का गयाला पाच मिन्टं खुर्चीवर बसवायची, चाचाला दाखवायची, फोन बंद, मंग ती घरी अन् मी खुर्चीवर. ग्रामसेवकाला भी सांगून ठिवलं.

गयाला म्हन्लं, "निसतं बसायचं. बोलायचं न्हाई."

ती म्हन्ली, "बरं."

कितीक सालात तिचं 'बरं' मला कळलं न्हाई, ते त्या दिवशी कळलं!

सोमवारी गया हिरवं लुगडं नेसून खुर्चीवर बसली. फोन मपल्या हातात. तिकडं सकाळ, चाचा चष्मा लावून बघतोय, मागं दारापाशी परवीन उभी. मी म्हन्लं, "देखा? अच्छा, रखता हूं..."

तेवढ्यात गयानं ग्रामसेवकाला इचारलं, "पान्याच्या टाकीपाशी दिव्याचा खांब मंजूर झाल्ता ना?"

"झाल्ता, बाई."

"मंग तो पानटपरीम्होरं कसा उगवला?"

ग्रामसेवक मपल्याकडं बघून राह्यला. कारन तो खांब टपरीम्होरं म्याच न्हेल्ता. आमाला तिथं पत्ते खेळायला दिसत नव्हतं!

"बाया अंधारात घागर घेऊन पडतेत," गया म्हन्ली. "सखूचं मनगट मोडलं. हे पत्ते खेळनाऱ्याला काय दिसनार?"

मी म्हन्लं, "गये, बस की आता. ऊठ, पाच मिन्टं झाले."

अन् फोनमधून चाचा असा वरडला, का ग्रामसेवकाचा पेन पडला. "भाईसाहब! बीच में मत बोलो! भाभी को बोलने दो!" मराठी त्याला कळत नव्हती, पर मी तिला दाबतोय एवढं त्याला बराबर कळलं.

म्या फोन निमूट गयाकडं वळवला! मंग गया बोलली, अन् बोलतच राह्यली. खांब हालवायचा ठराव झाला. समद्यांनी हात वर केले. मी भी केला, तर ती म्हन्ली, "तुमी खाली घ्या. तुमी मेंबर न्हाई."

चाचानं चष्मा काढला. मंग मागं वळून त्यानं परवीनला इचारलं, "बेटी, वो स्कूल में तू क्या बोलने वाली थी?"

परवीननं सांगितलं. नातवाचं समदं सांगितलं. नातू शाळेत मुका बसतो, हे म्हाताऱ्याला म्हायतीच नव्हतं. कोनी इचारलंच नव्हतं ना तिला! त्यानं टोपी काढली, डोळे पुसले, अन् म्हन्ला, "तो जा के बोल."

परवीन संस्थेत जाऊ लागली. कमिटीत बसली. मंदा मपल्याशी परत बोलायला लागली.

अन् मी? परवाच्या मीटिंगला सवयीनं पंचायतीत गेलो. दारातच अडवलं. मंग भाईरून खिडकीत डोकं घातलं, गया काय बोलती बघावं म्हनून. अन् चाचाला फोन लावला, जरा गमजा माराव्या म्हनून.

तेवढ्यात आतून ग्रामसेवक वरडला, "अण्णा, खिडकीतून सरका! मेंबरबाईच्या कागदावर उजेड पडंना!"

चाचानं फोनमधून इचारलं, "क्या बोले, भाईसाहब?"

मी म्हन्लं, "कुछ नहीं. खिडकी से हटने को बोले."

"शुक्र करो," चाचा म्हन्ला. "तुमको खिडकी तो मिली. मुझे तो परवीन कल मीटिंग में जाते वक्त बर्फ में गाड़ी के पास खड़ा करके गई थी!"