लाल टोपीचा मान

गुरुवारी संध्याकाळी गच्चीवरचे कपडे काढताना आत्याच्या हाताला एक लाल टोपी लागली. पोहताना घालतात तशी रबरी, दोन चिमटे लावून नीट वाळत घातलेली. आत्याने ती काढली नाही. दोरीखाली उभं राहूनच तिने भाच्याला हाक मारली, आणि त्या हाकेचा सूर ऐकून खाली स्वयंपाकघरात वहिनीने गॅस बंद केला.

भाचा वर आला. टोपीकडे बघून तो आधी हसला. जरासं, लाजल्यासारखं. नेमकं तेच आत्याला सोसलं नाही.

ती सव्वीस वर्षं पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होती. हा भाचा चार वर्षांचा असताना काठावरून "आत्या, आत्या" करून गळा काढायचा, तेव्हापासून ती सगळ्या तलावाचीच आत्या झाली होती. साफसफाई करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. व्यवस्थापक म्हणायचे, मी तलाव चालवतो की गोतावळा सांभाळतो तेच कळत नाही. आत्याची एक सवय नवख्यांना उद्धट वाटे. बोलताना ती समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसे. मान तुमच्याकडे, डोळे पाण्याकडे. डबासुद्धा ती पाण्याकडे तोंड करून खाई. कुणाच्या घरी गेली तरी आत पाऊल टाकताच माणसं मोजून घेई, आणि निघताना तेवढीच आहेत ना ते बघे. वहिनी यावरून तिची खूप थट्टा करी.

त्या संध्याकाळी मात्र ती भाच्याच्या थेट डोळ्यांत बघत होती.

टोपीचा अर्थ तिला ठाऊक होता. दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी सहाला खोल बाजूच्या दोन लेन एका क्लबकडे असत. श्वास रोखून पाण्याखाली राहण्याचा सराव करणारी ती मंडळी. त्यांचे सर पूर्वी धरणांच्या भिंतीखाली उतरणारे पाणबुडे होते. भरदार आवाजाचा, चारचौघांत उठून दिसणारा माणूस. त्यांनी टोप्यांची रीत पाडली होती. नव्याला पांढरी. तीन मिनिटं थांबला की निळी. आणि लाल टोपी त्याला, जो श्वास रोखता रोखता पाण्याखाली बेशुद्ध पडला आणि ज्याला वर ओढून शुद्धीवर आणावं लागलं. क्लबात अशा बेशुद्धीला ‘दिवा जाणं’ म्हणत. ज्याचा दिवा एकदा गेला, तो खरा गडी. त्याच्यासाठी टाळ्या वाजत.

आत्याने व्यवस्थापकांकडे दोनदा तक्रार केली होती. ते म्हणाले होते, टोपीच्या रंगाबद्दल नियमावलीत काहीच नाही.

"कधी?" तिने विचारलं.

आज सकाळी, भाचा म्हणाला. गुरुवार तिच्या सुट्टीचा, आणि त्या दिवशीचा बदली माणूस उथळ बाजूला लहान मुलांपाशी होता. भाच्याच्या सांगण्याप्रमाणे सगळं व्यवस्थित झालं होतं. जोडीदार होता, त्याने बाहेर काढलं, तोंडावर फुंकर मारली, दहा सेकंदांत तो जागा झाला.

"आणि मग घरी आलास."

नाही, भाचा म्हणाला, मग अजून दोनदा केलं.

आत्याने चिमटे काढले, टोपी मुठीत घेतली आणि जिना उतरली. रात्रीच्या जेवणाला ती आली नाही.

खरी हकीकत शुक्रवारी मावशींकडून कळली. फरशी पुसताना त्यांना तळाशी भाचा दिसला. हात सैल, पालथा, अगदी शांत. त्या काठावरच्या जोडीदाराला म्हणाल्या, अरे, हा तुझा दोस्त फरशी मोजतोय का? जोडीदार बेकरीत भट्टीवर काम करणारा, साधा पोरगा. त्याची नजर हातातल्या स्टॉपवॉचवर होती. मान वर न करता तो म्हणाला, थांबा मावशी, आज विक्रम होतोय. मावशींनी पोछ्याचा दांडा त्याच्या पाठीत हाणला. तेव्हा कुठे त्याने पाण्याकडे पाहिलं, आणि उडी मारली.

"मी पुसायला पलीकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली असती ना," मावशी म्हणाल्या आणि पोछा पिळू लागल्या.

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बेकरीवाल्यावर ती फार चिडली नाही. त्याला शिकवलंच ते होतं, की जोडीदाराचं काम वेळ मोजणं. पाण्याखाली शुद्ध जाताना माणूस हातपाय झाडत नाही, ओरडत नाही. तो फक्त थांबतो. वरून बघणाऱ्याला वाटतं, काय जिगर आहे. त्यातून सरावाआधी भराभर खोल श्वास घ्यायची खोड. त्याने अंगात हवा फारशी वाढत नाही. श्वास घे म्हणून छातीत जी धडपड उठते, ती तेवढी उशिरा उठते. घरातली घंटा काढून ठेवायची आणि चोर येत नाहीत म्हणून मिरवायचं, असला प्रकार. हे सर जाणत नव्हते असं नाही. म्हणूनच तिला त्यांचा राग आला होता.

मंगळवारी सहाला ती सरांसमोर उभी राहिली. सर गोड बोलले. आत्या, तुमचा भाचा आहे म्हणून तुमचा जीव खालीवर होतोय, मी समजू शकतो. पण माझ्याकडे वीस वर्षांत एकही पोर दगावलेलं नाही.

"गुरुवारचं मावशींनी वाचवलं," आत्या म्हणाली. "तुम्ही कुठे होता?"

सर म्हणाले, दुसऱ्या लेनमध्ये. त्यांनी घड्याळात बघितलं आणि सराव सुरू करू या म्हणाले.

"करू. आधी मी उतरते," आत्या म्हणाली. "माझी वेळ मोजा."

पोरं हसली. बावन्न वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा बांधलेली. बेकरीवाल्याने स्टॉपवॉच काढलं. उतरण्याआधी आत्या मावशींच्या कानाशी काहीतरी बोलली. मावशींनी पोछा भिंतीला टेकवला आणि त्या काठावर मांडी घालून बसल्या. मग आत्याने एक साधा श्वास घेतला आणि ती खाली गेली.

चाळीस सेकंदांनी वर आली. काठ धरून ती तशीच थांबली, दोन-चार श्वास घेतले, आणि मावशींना बोटांनी खूण केली की ठीक आहे. मगच ती बोलली.

"किती?"

"एक्केचाळीस पूर्णांक सहा," बेकरीवाला म्हणाला.

"ते नाही. खाली मी बोटं दाखवली. किती?"

बेकरीवाला स्टॉपवॉचकडे बघत राहिला, जणू उत्तर त्यात असावं. सर भाच्याच्या कमरेचा वजनाचा पट्टा नीट करत होते. भाचा आपल्या पायांकडे बघत होता. लाल टोपीवाले तिघे एकमेकांकडे.

"तीन," मावशी म्हणाल्या. "मग मूठ. मग डोक्यावर हात."

"मावशींना मी सांगून गेले होते, माझ्यावरून नजर काढू नका म्हणून. तसं कुणी नसतं तर मी उतरलेच नसते," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "सर, तुमची पोरं घड्याळ राखतात. माणूस कोण राखतं? ही टोपी शौर्याची नाही. हा बेशुद्ध पडला तेव्हा कुणाचंच लक्ष नव्हतं, याची ही पावती आहे. आणि ती तुम्ही त्याच्या डोक्यावर घालता."

मग तिने तिच्या अटी सांगितल्या. जोडीदार पाण्यात, हाताच्या अंतरावर. त्याच्या हातात घड्याळ नाही. एक खाली, तर एक वर. वर आल्यावरही अर्धा मिनिट नजर हटवायची नाही, कारण काठ धरल्यावरसुद्धा माणूस कोसळतो. ज्याची शुद्ध गेली, त्याने त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही आणि डॉक्टरला दाखवायचं. आणि टोप्या बंद.

सर म्हणाले, असल्या बालवर्गात माझे खेळाडू शिकणार नाहीत. त्याच आठवड्यात त्यांनी क्लब गावाच्या दुसऱ्या टोकाच्या तलावावर हलवला. पाच जण मागे राहिले. त्यांत बेकरीवाला होता. भाचाही राहिला, पण अकरा दिवस आत्याशी बोलला नाही. त्याचा सगळ्यांदेखत पाणउतारा झाला होता. आत्यानेही समजूत काढली नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांची नजर तपासणारा हा मुलगा एका स्टॉपवॉचच्या भरवशावर तळाशी पडला होता, हे आठवलं की तिचा राग पुन्हा वर यायचा. बाराव्या दिवशी उथळ बाजूला बेकरीवाला पाण्याखाली होता आणि तो त्याच्या शेजारी उभा होता, कमरेत वाकून, नाक पाण्याला लागेल इतका जवळ. आत्याने ते पाहिलं आणि नजर दुसऱ्या लेनकडे नेली.

त्याच दुपारी तिने दुसऱ्या तलावावर फोन केला. मंगळवारी आणि गुरुवारी सहाला जो जीवरक्षक असतो, त्याच्याशी बोलायचं आहे, म्हणाली.

"सहाला आमच्याकडे जीवरक्षक नसतो," पलीकडचा माणूस म्हणाला. "त्यांचे सर असतात ना."

आत्याने फोन ठेवला. त्या तलावाच्या व्यवस्थापकांना तिने पत्र लिहिलं, मग दुसरं लिहिलं. उत्तर आलं नाही.

गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, ती पहाटे उठली. वहिनीने विचारलं, आज कुठे? आत्या म्हणाली, पोहायला. वहिनीने तिच्या गळ्यातल्या शिट्टीकडे पाहिलं आणि डबा भरून दिला.

दुसऱ्या तलावावर तिने तिकीट काढलं. आत पाऊल टाकताच माणसं मोजली. चौदा, आणि सर. तिला बघून सरांचा चेहरा पडला. ते जवळ येऊन म्हणाले, आत्या, इथे तुमचा काही अधिकार नाही.

"माहीत आहे," आत्या म्हणाली. तिची मान त्यांच्याकडे होती, डोळे पाण्याकडे. "बाजूला व्हा. तळ दिसत नाहीये."